लायकेन स्क्लेरोसस, योनिमुखाचा

स्त्रियांच्या योनिमुखाच्या त्वचेचा दीर्घकालीन दाहजन्य विकार. तो संसर्गजन्य नाही. यौवनपूर्व मुलींत व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ ऑगस्ट ब्राइस्की यांनी १८८५ मध्ये आक्रसलेल्या योनिमुखाला ‘क्रॉरोसिस’ म्हटले. १८८७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ आंरी आलोपो यांनी अशा विकाराचे वर्णन लायकेन प्लेनस या दुसऱ्या दाहजन्य त्वचाविकाराचा त्वचा पातळ करणारा प्रकार म्हणून केले, तर १८९२ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांनी ऊतींतील बदल नोंदविले. स्त्रीरोगतज्ज्ञांचा क्रॉरोसिस व त्वचारोगतज्ज्ञांचा लायकेन हे बव्हंशी एकच होत, असे आता मानले जाते. त्वचा सर्वत्र पातळ होतेच असे नसल्यामुळे जुन्या नावातील, त्वचा पातळ होणे सुचविणारे ‘अ‍ॅट्रोफिकस’ हे पद १९७० च्या दशकात गळाले.

कारणाविषयी मतभेद आहेत. बोरेलिया जंतूंच्या संसर्गाचा पक्ष काहींनी मांडला. तथापि अनेक रुग्णांच्या रक्तात सापडलेली त्वचेतील ईसीएम-१ या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये आणि थायरॉइडच्या स्वप्रतिरक्षा विकारांशी दिसणारा संबंध पाहता स्वप्रतिरक्षेचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते असा, पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

रात्री वाढणारी तीव्र खाज हे मुख्य लक्षण. त्वचा पांढुरकी, चकचकीत आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुरकुतलेली दिसते. खाजविल्याने भेगा व रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. पांढरेपणा गुदद्वाराभोवती पसरल्यास इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती होते. पुढे लहान भगोष्ठ सपाट होतात, शिश्निका (क्लिटोरिस) झाकली जाते व शरीरसंबंध वेदनादायक होतो. सारख्या दिसणाऱ्या विकारांपैकी कोडात रंग जातो, पण त्वचेचा पोत बदलत नाही. लायकेन प्लेनस योनीच्या आत शिरतो, हा विकार सहसा शिरत नाही. संकोचामुळे दुखणे अंगावर काढले जाते किंवा बुरशीचा संसर्ग समजून वर्षानुवर्षे त्याचीच मलमे लावली जातात, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे असते.

क्लोबेटासॉल प्रोपिओनेट या तीव्र स्टेरॉइडचे ०.०५ टक्के मलम हा प्रथम उपचार होय. रूढ क्रमात ते पहिले चार आठवडे रोज रात्री, पुढचे चार एक दिवसाआड व नंतरचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा लावतात. एका वेळी बोटाच्या पेरावर मावेल एवढे, सुमारे अर्धा ग्रॅम, पुरते. तीस ग्रॅमची नळी तीन महिने चालावी. पूर्वी वापरलेले टेस्टोस्टेरॉन मलम साध्या व्हॅसलीनहून सरस ठरले नाही, आणि योनिमुख काढून टाकल्यावरही विकार पुन्हा उद्भवे. साबणाऐवजी सौम्य स्निग्ध मलम व सुती अंतर्वस्त्रे हितकर ठरतात.

पट्टकी पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींच्या) कर्करोगाचा धोका पाच टक्क्यांहून कमी आहे. ऑस्ट्रेलियातील ५०७ स्त्रियांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित उपचार घेणाऱ्यांपैकी एकीलाही तो वा त्याची पूर्वावस्था झाली नाही. अनियमित असणाऱ्यांत दोहोंचे मिळून प्रमाण ४.७ टक्के होते. म्हणून खाज थांबल्यावरही देखभालीचे मलम चालू ठेवतात, वर्षातून किमान एकदा तपासणी करतात आणि न भरणारी जखम वा जाड गाठ दिसल्यास ऊतितपासणी (बायॉप्सी) करतात.