तांबटकाम (नाशिक)

तांब्या-पितळेचा पत्रा ठोकून भांडी घडवण्याचा नाशिकमधील परंपरागत व्यवसाय. जुन्या गावातली तांबट लेन ही कारागिरांची वस्ती, तर भांडी बाजार ही विक्रीची पेठ.

हे कारागीर मूळचे इथले नव्हेत. त्वष्टा कासार समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गुजरातेतील पावागड-चांपानेर परिसरातून आले. चांपानेर १४८४ मध्ये महमूद बेगड्याने जिंकले. समाजाची कुलदेवता कालिका आणि पावागडावरही कालिकेचेच ठाणे, त्यामुळे ही परंपरा उडवून लावता येत नाही. गोदाकाठी गिऱ्हाइकाला तोटा नव्हता: पूजेला ताम्हण-पळी-पंचपात्र, संसाराला हंडे, घंगाळे, बंब आणि यात्रेकरूला गोदेचे पाणी न्यायला गडू. सिंहस्थात तर विचारायलाच नको.

ठोकल्याने तांबे कडक होते. म्हणून पत्रा भट्टीत लाल करायचा, पाण्यात विझवायचा आणि मऊ झाला की पुन्हा ठोकायचा. मोठ्या भांड्याचे दोन भाग वेगळे घडवून टाकणखार व डाख वापरून सांधतात. शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक ठोके देत सगळे अंग फिरून घेतात. लोक याला नक्षी समजतात. खरे तर पातळ पत्र्याला ताठपणा येतो तो यानेच.

शिक्षण घरातच. पोराने आधी भाता ओढायचा, चिंचेने भांडी उजळायची. मठाराची हातोडी हाती येई ती सर्वांत शेवटी. भांडे ऐरणीला नीट टेकलेले असले तर ठोका खणखणीत वाजतो; मध्ये पोकळी राहिली तर बद्द वाजतो आणि पत्रा दबतो. शिकवणारा पाठमोरा बसूनही चूक पकडे. याच आवाजापायी उतारवयात कमी ऐकू येणे, हे या धंद्याचे जुने दुखणे.

स्टील-ॲल्युमिनियमने स्वयंपाकघर घेतले, गिझरने बंब घालवला. तांब्याला अलीकडे पुन्हा मागणी आहे, पण तिचा बराचसा फायदा यंत्रावर घडलेल्या मालाला मिळतो. त्यावरचे ठिपके साच्यातून निघाल्यासारखे एकसारखे असतात. हाताच्या मठाराचे ठोके गळ्याकडे बारीक आणि पोटावर मोठे होत जातात. आंबट पदार्थ ठेवायचा असेल तर भांडे कोणतेही असो, आतून कथलाची कल्हई हवीच.