बाहेरचा माइक जोडला म्हणजे आवाज सुधारलाच, हा गैरसमज

मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या नवोदितांना अनेक वर्षांपासून एकच सल्ला दिला जातो, की कोणताही स्वस्त कॉलर माइक फोनला जोडा, आवाज आपोआप सुधारेल. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी कित्येकांची मेहनत वाया जाते, म्हणून हा खुलासा.

माइकची पिन डोळ्यांजवळ धरून पाहावी. तिच्यावर दोन काळ्या रेषा असतील तर ती कॅमेऱ्यासाठीची आहे, फोनच्या ३.५ मिमी जॅकला, म्हणजे हेडफोन लावायच्या गोल छिद्राला, तीन रेषांची पिन लागते. दोन रेषांची पिन घातल्यास फोन बहुधा तो माइक ओळखत नाही आणि काहीही न कळवता स्वतःच्याच माइकवर ध्वनिमुद्रण करत राहतो. जॅक नसलेल्या फोनसाठी अडॅप्टर घेताना तो माइकसाठीही चालतो, याची खात्री करावी, कारण काही अडॅप्टर केवळ हेडफोनपुरते असतात. पडताळणी सोपी आहे: चित्रीकरण सुरू करून माइकवर नखाने हलकेच खरवडावे आणि मग ऐकावे, खरखर जवळून, स्पष्ट आली नाही तर माइक वापरलाच गेलेला नाही. काही फोनांत कॅमेऱ्याचे अॅपच बाहेरचा माइक घेत नाही, तेव्हा दुसरे अॅप वापरावे.

माइकच्या किमतीपेक्षा त्याचे तोंडापासूनचे अंतर मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो; त्यामुळे माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा.