टंगस्टन: न वितळवता घडवलेला धातू

टंगस्टनचा द्रवणांक ३,४२२ अंश सेल्सिअस, सगळ्या धातूंमध्ये सर्वांत जास्त. लोखंड १,५३८ अंशांवरच पाणी होतं. पाठ्यपुस्तकात हा आकडा टंगस्टनचा मोठेपणा म्हणून येतो. ज्यांना त्याच्यापासून काही बनवायचं होतं त्यांच्यासाठी मात्र ती शे-सव्वाशे वर्षं डोकेदुखीच होती. धातू वितळवून ओतायचा, तर त्याच्या आधी मूसच वितळायची. त्यामुळे टंगस्टनचा इतिहास हा बराचसा या अडचणीला घातलेल्या वळशांचा इतिहास आहे, आणि जवळपास प्रत्येक वळसा त्याच्या कुठल्या ना कुठल्या संयुगावरून जातो.

त्याची पहिली ओळख झाली ती उपद्रवी म्हणूनच. सॅक्सनी आणि बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनी आणि चेकियाच्या, सीमेवरच्या डोंगरात कथील गाळणाऱ्यांना एक जड, काळं खनिज छळायचं. ते कथलाच्या धातुकात मिसळलेलं असलं की बरंचसं कथील मळीत जायचं. लांडग्याने मेंढरं फस्त करावीत तसं हे खनिज कथील गिळतं, असं ते म्हणत; १५४६ मध्ये खनिजविद्येचा जर्मन अभ्यासक अ‍ॅग्रिकोलाने लॅटिनमध्ये त्याची नोंद केली ती ‘लांडग्याचा फेस’ याच अर्थाच्या शब्दांनी. वुल्फ्राम हे नाव आणि आवर्तसारणीतलं ‘डब्ल्यू’ हे चिन्ह त्याच परंपरेतलं. टंगस्टन हा शब्द स्वीडिश, अर्थ जड दगड. आज शीलाइट म्हणतात त्या दुसऱ्या खनिजाला स्वीडनमध्ये तसं म्हणत.

कार्ल विल्हेल्म शीले या औषधविक्रेत्या रसायनशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये या जड दगडातून एक पिवळं आम्लधर्मी द्रव्य वेगळं काढलं. त्यात नवा धातू असावा असा त्याचा आणि टॉर्बर्न बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाचा कयास होता, पण धातू हाती आला तो स्पेनमध्ये. १७८३ मध्ये बास्क प्रदेशातल्या बेर्गारा इथे हुआन होसे आणि फाउस्तो एलुयार या भावांनी वुल्फ्रामाइटमधून, म्हणजे कथील गिळणाऱ्या त्या काळ्या खनिजातून, तेच पिवळं ऑक्साइड मिळवलं, कोळशाच्या पुडीबरोबर बंद मुशीत भाजलं आणि मूस फोडली. आत जी ढेप होती तिचा बोटांत दाबताच चुरा झाला. भिंगाखाली धरल्यावर त्या चुऱ्यात धातूचे बारीक गोळे दिसले. टंगस्टन सापडलं ते असं, भुकटीच्या रूपात, आणि पुढे सव्वाशे वर्षं ते भुकटीच राहिलं.

मधल्या काळात धातूचा उपयोग कुणाला सुचत नव्हता, पण संयुगांवर काम जोरात होतं. फ्रीडरिश व्होलरने १८२० च्या दशकात सोडियम आणि टंगस्टनचं एक ऑक्साइड बनवलं. ते सोन्यासारखं चमकतं आणि वीजही वाहून नेतं. त्याला ‘टंगस्टन ब्राँझ’ म्हणतात, पण ब्राँझशी त्याचा चकाकीपलीकडे काही संबंध नाही. रॉबर्ट ऑक्सलंडने १८४७ मध्ये सोडियम टंगस्टेट बनवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. तलम मलमलीचे कपडे पेट घेऊ नयेत म्हणून ते या क्षाराच्या पाण्यातून काढण्याची शिफारस इंग्लंडमध्ये झाली, कारण इतर क्षारांसारखा हा इस्त्रीच्या आड येत नव्हता. १८९६ मध्ये एडिसनने क्ष-किरण पाहण्याच्या पडद्यासाठी कॅल्शियम टंगस्टेट निवडलं, कारण त्यावर किरण पडले की ते छान उजळतं. हे म्हणजे शीलेचंच खनिज. शीलाइट अतिनील प्रकाशातही निळं चमकतं, म्हणून खाणीत ते रात्री दिवा घेऊन शोधता येतं.

पोलादातला प्रवेश त्या मानाने सोपा होता, कारण तिथे टंगस्टन एकटं वितळवायचं नव्हतं. वितळलेल्या लोखंडात ते विरघळतं. रॉबर्ट मशेटने १८६८ च्या सुमारास टंगस्टनचं हत्यारी पोलाद काढलं. ते पाण्यात न बुडवता, नुसतं हवेत निववूनही कडक होई. पुढे बेथलेहेम स्टील या अमेरिकी कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी ते वितळण्याच्या बेताला येईपर्यंत तापवून पाहिलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे इतक्या उष्णतेने पोलादाचा नाश व्हायला हवा होता, आणि झालं उलटंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं टूल लालभडक होऊनही लेथवर कापत राहिलेलं लोकांनी पाहिलं. हेच हायस्पीड स्टील. त्याची पुढे रूढ झालेली कृती १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम, १ टक्का व्हॅनेडियम अशी होती.

खरी कसोटी लागली दिव्यात. कार्बनच्या तंतूपेक्षा जास्त तापवता येईल असा तंतू हवा होता आणि टंगस्टन त्यासाठी आदर्श, फक्त त्याची तार निघत नव्हती. १९०४ मध्ये अलेक्झांडर युस्ट आणि फ्रान्यो हानामान यांनी हंगेरीत पेटंट घेतलं ते भुकटीत चिकट पदार्थ मिसळून, शेवईसारखा पिळून काढलेल्या तंतूचं. तो कार्बनपेक्षा कितीतरी उजळ जळे, पण जरासा धक्का बसला की तुटे.

हे कोडं जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या विल्यम कूलिजने सोडवलं. त्याची रीत इथे सविस्तर सांगायला हवी, कारण आजही ती मुळात तीच आहे. पिवळ्या ऑक्साइडची पूड हायड्रोजनमध्ये तापवतात. ती आधी निळी होते, मग तपकिरी, शेवटी करडी. करडी झाली की तो धातू. या पुडीची दाबून कांडी करतात आणि तिच्यातून वीज सोडून ती द्रवणांकाच्या बरीच खालीच इतकी तापवतात की कण एकमेकांना सांधले जातात. ही कांडी ठिसूळच असते. मग ती लालसर-पांढरी तापवून चहूबाजूंनी ठोकत बारीक करतात आणि पुढे गरम डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढतात. साधारण धातू ठोकून कडक आणि तुटका होतो, म्हणून मधेमधे भाजून मऊ करावा लागतो. टंगस्टनचं उलट आहे. जितकं घडवावं तितके त्याचे कण लांबोळे होत जातात आणि ते अधिक लवचिक होतं. तापमान पायरीपायरीने उतरवत नेलं की शेवटची तार थंडपणीही वाकते.

कूलिजचं पेटंट १९१३ चं. १९२८ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ते रद्द ठरवलं. लवचिकता हा शुद्ध टंगस्टनचा निसर्गदत्त गुण आहे, तो कूलिजने शोधला, निर्माण केला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण निसर्गात कुठे टंगस्टनची तार पडलेली नसते, हेही तितकंच खरं.

दिव्यात तापलेली तार हळूहळू लोंबायची. विशिष्ट मातीच्या मुशीत भाजलेल्या ऑक्साइडपासून केलेली तार कमी लोंबते, हे लक्षात आलं. मुशीतून पोटॅशियमचा अंश आत जात होता. पुढे तो मुद्दाम घालू लागले. तो नेमकं काय करतो हे कळलं कित्येक दशकांनी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली: टंगस्टनमध्ये न विरघळणाऱ्या पोटॅशियमचे सूक्ष्म बुडबुडे ओळीने बसतात आणि कणांच्या कडांना सरकू देत नाहीत.

आता गंमत अशी की ही तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत, आणि हिरे महाग. म्हणून दिव्यांच्या कारखानदारांनीच हिऱ्याला पर्याय शोधायला घेतला. आंरी म्वासाँने १८९० च्या दशकात विजेच्या भट्टीत टंगस्टन कार्बाइड बनवलं होतं. ते विलक्षण कठीण, पण ओतीव तुकडा काचेसारखा फुटायचा. ऑस्राम या दिवे बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या कार्ल श्र्योटरने पुन्हा भुकटीचाच आधार घेतला. कार्बाइडच्या पुडीत थोडं कोबाल्ट मिसळून दाबलं आणि भाजलं. कोबाल्ट वितळून कार्बाइडच्या कणाकणांत शिरतं, निवल्यावर त्यांना धरून ठेवतं. कार्बाइड स्वतः वितळत नाही. १९२३ चं हे पेटंट क्रुप या जर्मन पोलाद कंपनीने घेतलं आणि १९२७ च्या लाइपझिग जत्रेत ‘विडिया’ या नावाने, म्हणजे ‘हिऱ्यासारखं’, बाजारात मांडलं. डायसाठी शोधलेला पदार्थ लेथच्या टूलवर जाऊन बसला. आज कारखान्यात ज्याला नुसतं ‘कार्बाइड’ म्हणतात ते हेच, आणि जगातल्या टंगस्टनपैकी निम्म्याहून अधिक त्यातच खपतं. तंतूचे दिवे बहुतेक ठिकाणांहून हद्दपार झाले तरी टंगस्टनच्या धंद्याला फारसा धक्का बसला नाही, तो यामुळे.

युद्धांत या धातूसाठी झालेली ओढाताण हा वेगळाच विषय आहे. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगाल दोन्ही बाजूंना वुल्फ्राम विकत होता आणि जून १९४४ मध्ये तिथला हुकूमशहा सालाझार याला निर्यात थांबवावी लागली, एवढं सांगितलं तरी त्याचं मोल कळेल.

संयुगांची दुसरी फळी मात्र शांतपणे पसरत गेली. १२ टंगस्टन अणूंच्या ऑक्साइड पिंजऱ्यात एक फॉस्फरस बसवलेलं फॉस्फोटंगस्टिक आम्ल १९ व्या शतकापासून माहीत होतं. त्याची रचना जे. एफ. केगिनने १९३३ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. त्याच आम्लाने काळी पार्श्वभूमी देऊन विषाणूंचे आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. डिझेल ट्रक आणि वीज केंद्रांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणाऱ्या उत्प्रेरकात व्हॅनेडियमच्या जोडीला टंगस्टन ऑक्साइड असतं. समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांच्या विकरांतही (एन्झाइम) टंगस्टन सापडतं. सजीव वापरत असलेल्या ज्ञात मूलद्रव्यांत ते सर्वांत जड.

चिपच्या कारखान्यात तर वळशाची परिसीमा होते. टंगस्टन हेक्झाफ्लोराइड १७ अंशांवरच उकळतं आणि त्याचा वायू हवेच्या दहापट जड असतो. तो हायड्रोजनबरोबर सिलिकॉनच्या तापलेल्या चकतीवर सोडला की टंगस्टन अणू-अणूने जमा होतं आणि थरांना जोडणारी अतिसूक्ष्म उभी भोकं भरून काढतं. सगळ्यांत उशिरा वितळणारा धातू इथे वायूतून काही शे अंशांवर उतरतो.

खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के आज चीनमधून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. यादीत अमोनियम पॅराटंगस्टेट, टंगस्टन ऑक्साइड आणि कार्बाइड ठळकपणे होते, आणि ते साहजिक आहे: जागतिक बाजारात या धातूचा भाव मुख्यत्वे पॅराटंगस्टेट या पांढऱ्या क्षारावर ठरतो. चीनबाहेरच्या कारखान्यांनी झिजलेल्या कार्बाइड टिपा भंगारात न देता परत गोळा करण्यावर भर दिला आहे. वितळलेल्या जस्तात कोबाल्टचं बंधन सुटतं, जस्त उडवून टाकलं की कार्बाइडची पूड पुन्हा दाबायला तयार होते.