शाळा, वस्ती आणि नौदलातील जुने फोटो : पार्श्वभूमी

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफीला वाहिलेली संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तेथील एका नामांकित शिक्षणसंस्थेत या विद्येचा वर्गही सुरू झाला. तरी शाळेची इयत्ता, गणेशोत्सवातील मेळा, मुंजीचा मांडव किंवा सुटीवर घरी आलेला खलाशी हे विषय कॅमेऱ्यासमोर नेहमीचे होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १८८० च्या दशकात रासायनिक लेप आधीच दिलेल्या तयार कोरड्या काचा (ड्राय प्लेट) मिळू लागल्या, तेव्हा कुठे फोटोग्राफरला सोबत अंधारखोली वाहून न्यावी न लागता बाहेरगावी जाता येऊ लागले.

शाळेच्या ग्रुप फोटोची मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मधोमध मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली लहान मुले, त्यांच्यात इयत्ता व साल लिहिलेली पाटी आणि अगदी कडेला उभा असलेला शिपाई. खालच्या पुठ्ठ्यावर नावे लिहिलेली असली, तरी त्यांत शिपायाचे नाव बहुधा सापडत नाही. दैनंदिन जीवनाचे म्हणून आज जे फोटो दाखवले जातात, त्यांपैकी पुष्कळसे असे पैसे मोजून, कपडे बदलून आणि श्वास रोखून काढलेले आहेत, हे ते पाहताना विसरता कामा नये.

नौदलाच्या फोटोंना शिस्तीची आणि गुप्ततेची चौकट होती. १९२३ च्या गोपनीयता कायद्यामुळे गोदी किंवा तळ यांसारख्या निषिद्ध ठिकाणी कोणालाही मनमानी फोटो काढता येत नव्हते. माझगावच्या समुद्रात १९२७ पासून उभ्या असलेल्या ‘डफरीन’ या प्रशिक्षण जहाजावर शाळा आणि जहाज एकत्रच नांदत होते. १९३४ मध्ये आरमाराला ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले आणि महायुद्धात त्याचा विस्तार अनेक पटींनी झाला. या काळातील फोटोचे साल ठरवण्यास टोपीची फीत उपयोगी पडते : युद्धापूर्वी तिच्यावर जहाजाचे नाव असे, युद्धात सुरक्षेसाठी ते काढून नुसते ‘एच. एम. आय. एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ठेवले गेले आणि प्रजासत्ताक झाल्यावर ‘आय. एन. एस.’ आले. युद्धकाळातील सरकारी फोटो मुख्यतः प्रसिद्धीसाठी काढलेले असून त्यांतील पुष्कळ आज लंडनमध्ये आहेत. त्यांत कवायत दिसते, संदेशवहनाचे वर्ग दिसतात. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या तळावर ज्या निकृष्ट जेवणावरून नौसैनिकांच्या बंडाची ठिणगी पडली, ते ताट या फोटोंत दिसण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

हे फोटो आज कोणी छापावेत, हा प्रश्न मात्र कायद्याने सोपा करण्याऐवजी अवघडच केला आहे. १९१४ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून पन्नास वर्षे हक्क टिकत असे. साल कळले की हिशेब संपला. स्टुडिओ निगेटिव्हवर क्रमांक घालत, तो प्रिंटच्या कोपऱ्यात उमटे आणि स्टुडिओची वही शिल्लक असेल, तर त्यावरून तारीखही लागे. १९५७ च्या कायद्याने ही पन्नास वर्षे प्रसिद्धीपासून मोजण्यास सांगितले, १९९२ मध्ये त्यांची साठ झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने फोटोसाठीचे वेगळे कलमच काढून टाकल्याने मुदत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर साठ वर्षे अशी ठरली. व्यावसायिक छायाचित्रकारांना इतर कलावंतांच्या पंगतीत बसवणारी ही दुरुस्ती त्यांच्यासाठी न्याय्यच होती. पण ती करताना तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओ कोणाच्या डोळ्यांसमोर होता असे वाटत नाही. शाळेने पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल, तर एरवी काही करार नसल्यास पहिला हक्क शाळेचा ठरतो. मुदत मात्र फोटोग्राफरच्या आयुष्यावरून मोजायची, आणि तो कधी वारला हे दुकान बंद होऊन दोन पिढ्या उलटल्यावर सांगणार कोण? १९५८ पूर्वीच्या फोटोंना जुनाच पन्नास वर्षांचा नियम लागू पडतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामुळे ते या गुंत्यातून सुटले. अडकले ते त्यानंतरचे.

शतकमहोत्सवी स्मरणिका काढणाऱ्या शाळा तरीही फोटो छापतात आणि स्टुडिओचे नाव बहुतेक वेळा गाळतात. सरकारी फोटोंची मुदत अजूनही प्रसिद्धीपासूनच मोजली जाते. त्यामुळे डिसेंबर १९६१ च्या गोवा मोहिमेतील नौदलाचे जे सरकारी फोटो त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले, ते १ जानेवारी २०२२ पासून कोणालाही वापरता येतात. त्याच महिन्यात एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात काढलेला फोटो छापण्यासाठी मात्र आधी फोटोग्राफरच्या मृत्यूचे साल शोधावे लागते.