वाल्डीझचे बंदर आणि थिजणारे तेल

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात का ठेवावी लागते, हे मराठी घरांत निराळे सांगावे लागत नाही. अलास्कातील वाल्डीझ या तेलबंदरापुढे बऱ्याच अंशी हीच अडचण उभी आहे. तेलाचे बंदर विहिरी आटल्यावरच संपते, हा समज तिथे अपुरा ठरतो.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रुडो बे येथे १९६८ मध्ये तेल सापडले. पण तिथला आर्क्टिक समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो. म्हणून १२८७ किलोमीटरची तेलवाहिनी दक्षिणेला, न गोठणाऱ्या वाल्डीझपर्यंत आणली गेली आणि १९७७ पासून तेथून टँकर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघू लागले. या तेलाने राज्याची तिजोरी भरली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या कायमस्वरूपी निधीतून १९८२ साली प्रत्येक पात्र रहिवाशाला १००० डॉलर मिळाले आणि व्यक्तिगत प्राप्तिकर तर त्याआधीच रद्द झाला होता.

या परिसराला बसलेला १९६४ चा महाभूकंप आणि इथली १९८९ ची टँकरमधील तेलगळती, दोन्ही ‘गुड फ्रायडे’लाच घडल्या, म्हणून शापाची भाषा करणारे भेटतात. भूकंप पॅसिफिक भूपट्ट खंडाखाली सरकल्याने झाला, तर टँकर खडकावर चढला. दोहोंपैकी एकालाही पंचांग लागले नाही.

खरी मेख वाहिनीत आहे. १९८८ मध्ये रोज सुमारे २० लाख पिंपे तेल वाहत असे आणि ते साडेचार दिवसांत बंदरात पोहोचे. आता प्रवाह चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला आहे. नळीचा व्यास तोच असल्याने वेग त्याच प्रमाणात घटतो आणि प्रवासाला अठरा दिवसांच्या आसपास लागतात, म्हणजे तेल माणसाच्या चालीपेक्षाही हळू, ताशी तीनेक किलोमीटरने सरकते. तितका काळ बाहेरची थंडी त्याची उष्णता शोषत राहते. तापमान सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गेले की कच्च्या तेलातील लांब साखळ्यांची हायड्रोकार्बने, म्हणजेच मेण, स्फटिकरूप घेऊ लागतात. खोबरेलही साधारण याच तापमानाला थिजते, मात्र ते मेदाम्लांचे आणि हे मेणाचे. मेणाचा थर आतून चढतो. शिवाय संथ प्रवाहात तेलातील पाणी तळाशी साचते आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा बर्फ होण्याची भीती असते.

उपाय म्हणून काही केंद्रांवर तेच तेल पंपांतून पुन्हा पुन्हा फिरवून घर्षणाने तापवले जाते. त्याशिवाय ‘पिग’ नावाचे खरवडणारे यंत्र तेलाच्याच दाबाने वाहिनीतून पुढे ढकलले जाते आणि वाल्डीझला पोहोचते तेव्हा त्याच्या पुढ्यात वाटेत खरवडलेल्या मेणाचा काळा लगदा असतो.