वाळवीने खाल्लेले अधिक-उणे

1940 साली मिशिगन विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला इझाबेला लुगोस्की पोचली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सगळी उपकरणं मांडून प्रयोग चालूही केला होता. हा इतक्या लवकर आत आलाच कसा, असं तिने जरा फटकळपणेच विचारलं. त्याला ते झोंबलं आणि काही दिवस दोघांचं बोलणंच बंद झालं. शेजार मिळाला होता तो आडनावांमुळे. इंग्रजी वर्णक्रमात 'के'नंतर 'एल', म्हणून कार्लनंतर लुगोस्की. 1942 मध्ये जेरोम कार्ल आणि इझाबेला यांचं लग्न झालं.

तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा, पियानो वाजवणारा. त्याने पियानोवादक व्हावं अशी आईची इच्छा. ती डेट्रॉइटच्या पोलिश स्थलांतरितांची मुलगी, शाळेत जाईपर्यंत इंग्रजी न येणारी. महायुद्धात दोघं शिकागोला प्लुटोनियमच्या कामावर होते. खरी अडचण युद्ध संपल्यावर आली. नवरा-बायकोला एकाच विभागात नोकरी द्यायची नाही, असा तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचा नियम. म्हणजे एकाला प्राध्यापकी आणि दुसरीला स्वयंपाकघर. दुसरी कोण, हे सांगायला नकोच. दोघांनाही कामावर घेणारी जागा वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीकाठी सापडली, ती आरमाराची. 1946 मध्ये दोघं नौदल संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. पुढे आणखी दोन.

आरमार म्हटलं की पाणबुड्या, रडार, तोफा डोळ्यांसमोर येतात. जेरोम कार्ल यांनी मात्र उभा जन्म एका विचित्र हिशेबापायी घातला.

समजा, तुमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं आणि तांदळाच्या पोत्याची जुनी वही तुमच्या हाती लागली. आकडे स्पष्ट आहेत: 40 किलो, 15 किलो, 22 किलो. पण अधिक-उण्याचा रकाना नेमका वाळवीने खाल्लाय. कुठला आकडा आवक, कुठला विक्री, काही कळत नाही. दहा नोंदी असतील तर 1,024 शक्यता. वीस असतील तर 10,48,576. पन्नास असतील तर सुमारे अकरा कोटी कोटी. वही रद्दीत टाकण्याच्याच लायकीची.

स्फटिकशास्त्राची 1940च्या दशकात हीच गत होती. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ते वेगवेगळ्या दिशांना विखुरतात आणि फिल्मवर शेकडो ठिपके उमटतात. स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ, याचा नकाशा मिळाला की रेणूत अणू कुठे बसलेत ते कळतं. हा नकाशा म्हणजे अनेक लाटांची बेरीज. फिल्मवरचा एकेक ठिपका म्हणजे त्यातली एकेक लाट. ठिपका किती काळा यावरून लाटेची उंची कळते. तिचा माथा नेमका कुठे येतो, ते मात्र फिल्मवर उमटतच नाही. त्यातल्या त्यात सोपे स्फटिक म्हणजे मध्यबिंदूभोवती सममिती असलेले. तिथे प्रत्येक लाटेला दोनच पर्याय, अधिक किंवा उणे. आपली वहीच! रेणूत एखादा जड अणू असला तर त्याच्या आधाराने वाट काढता येई. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचीच सगळी वस्ती असेल, तर एका रेणूमागे वर्षंही जात. ही माहिती कायमची हरवली आहे, गणिताने ती परत येणार नाही, असंच जाणकार धरून चालत.

आता पुन्हा त्या वहीकडे या. पोत्यात उणे दोन किलो तांदूळ कधी असतो का? कुठल्याही दिवशीची शिल्लक शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. एवढी एकच अट लावा, की शक्यतांचे ढीगच्या ढीग बाद होतात. पहिली नोंद विक्रीची असूच शकत नाही, हे तर लगेच कळतं.

ही अट कार्ल दांपत्याला स्फटिकात सापडली नव्हती. ते वायूंच्या रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून अणूंमधली अंतरं मोजत. त्यातून मिळणाऱ्या आलेखाखालची पार्श्वभूमीची रेघ तोवर अंदाजाने ओढली जाई. अमुक अंतरावर दोन अणू सापडण्याची शक्यता शून्याहून कमी असूच शकत नाही, हे धरून त्यांनी ती रेघ पक्की केली. मग प्रश्न आला की हेच स्फटिकाला का लावू नये? इलेक्ट्रॉनांची घनताही उणे नसतेच. गणिती हर्बर्ट हॉप्टमन तोवर प्रयोगशाळेत आले होते. जेरोम आणि हॉप्टमन दोघेही न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून 1937 साली पदवीधर झालेले. हार्कर आणि कॅस्पर या संशोधकांनी 1948 मध्ये या दिशेने एक पाऊल टाकलं होतंच. कार्ल-हॉप्टमन यांनी 1950 मध्ये घनतेच्या अटीतून सगळी असमीकरणं, म्हणजे 'हे त्याहून कमी असूच शकत नाही' अशी गणिती बंधनं, काढली आणि 1953 मध्ये संभाव्यतेच्या भाषेत पूर्ण रीतच मांडली.

स्वागत थंड झालं. स्फटिकांत हात घालणाऱ्यांना ते गणित पचेना, आणि प्रत्यक्ष रेणूची रचना सोडवून दाखवल्याशिवाय ते मानणार तरी का? मला वाटतं, त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. सूत्र आणि रेणू यांच्यामध्ये बरीच खरकटी भांडी असतात. ती घासायला इझाबेला बसल्या.

त्यांची युक्ती शाळेतल्या 'क्ष मानू'सारखी आहे. सगळ्यात ठळक ठिपक्यांपैकी काहींना चिन्हाऐवजी अक्षर द्यायचं: अ, ब, क. नियम असा, की एकमेकांशी ठरावीक नात्याने बांधलेले तीन ठळक ठिपके घेतले, तर त्यांच्या चिन्हांचा गुणाकार बहुधा अधिक येतो. दोन माहीत असले की तिसरा कळला. तो चौथ्याचा पत्ता देतो. साखळी वाढत जाते आणि शेवटी शेकडो ठिपके दोन-चार अक्षरांत मांडून होतात. मग त्या अक्षरांच्याच काय त्या आठ-सोळा शक्यता तपासायच्या. अकरा कोटी कोटींवरून सोळावर!

या रीतीने सुटलेल्या रेणूंत कोलंबियाच्या जंगलातल्या बेडकांची विषंही होती. फुंकणीच्या बाणांना लावायचं हे जहर एकेका बेडकात इतकं कमी असतं, की रासायनिक परीक्षा करायला पुरेसा माल मिळणं मुश्कील. क्ष-किरणांना मात्र मिठाच्या कणाएवढा स्फटिकही चालतो. बेडकाच्या जहराशी आरमाराचं काय देणं-घेणं, हे विचारू नका. मूलभूत संशोधनाला पैसा देणाऱ्याने असले प्रश्न विचारले नाहीत, म्हणूनच तर हे झालं.

ऑक्टोबर 1985 मध्ये जेरोम युरोपातून परत येत होते. रसायनशास्त्राचं नोबेल हॉप्टमन आणि कार्ल यांना जाहीर झालं, तेव्हा ते विमानात होते आणि ही बातमी त्यांना वैमानिकाच्या घोषणेतून कळली. आनंदात एक सल होता: बायकोचं नाव नव्हतं. एक नोबेल तिघांत वाटता येतं. त्या वर्षी रसायनशास्त्रात दोघेच होते. तिसरी खुर्ची रिकामीच राहिली. जेरोम यांना हे लागलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. इझाबेला यांनी फार मनावर घेतलं नाही, त्यांच्यापुढे नवे स्फटिक होते. त्यातले बरेच आपल्याकडचे: बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन बलराम यांच्या गटाने घडवलेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. साखळी कुठे वळते, कुठे वेटोळं घेते, हे इझाबेला वॉशिंग्टनमध्ये उलगडत आणि शोधनिबंधांवर त्यांचं आणि बलराम यांचं अशी दोघांची नावं येत.

तिन्ही मुली विज्ञानातच गेल्या. दोन रसायनशास्त्रज्ञ, एक भूशास्त्रज्ञ.

जुलै 2009 मध्ये दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले. ते 91 वर्षांचे, त्या 87. दोघांची मिळून सरकारी नोकरी 127 वर्षांची भरली.