झोनिंग आधी, आराखडा मागाहून : महामंदीतल्या अमेरिकी गावांची पार्श्वभूमी

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाच्या कौन्सिलने एक उपविधी मंजूर केला आणि गावातली झाडून सगळी जमीन पट्ट्यांमध्ये वाटली. कुठल्या पट्ट्यात काय बांधायचं हे असं ठरवून देणं म्हणजेच झोनिंग. वापराचे सहा वर्ग, इमारतीच्या उंचीचे तीन, प्लॉटच्या क्षेत्राचे चार. गाव क्लीव्हलंड शहराच्या पूर्वेला, ईरी सरोवराच्या काठी. क्षेत्र बारा-चौदा चौरस मैल, त्यातलं बरंचसं शेताचं नाहीतर पडीक. १९२० च्या शिरगणतीत लोकसंख्या ३,३६३ होती, दहा वर्षांनी १२,७५१ झाली. महामंदीत लहान गावांच्या नगररचनेचं काय झालं हे समजून घ्यायला मला या गावाचा फार उपयोग झाला, म्हणून हे टिपण त्याच्याच आधाराने लिहितो आहे. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे पुन्हा सांगत नाही. उंच इमारतींनी रस्त्यावरचा उजेड अडवला म्हणून तिथे नियम आले होते. युक्लिडमध्ये अडवायला उंच इमारती नव्हत्याच. तिथे भीती होती ती क्लीव्हलंडहून रेल्वेच्या कडेकडेने सरकत येणाऱ्या कारखान्यांची.

गावाच्या पश्चिम टोकाला एका जमीन कंपनीचे ६८ एकर होते. दक्षिणेला मुख्य हमरस्ता, उत्तरेला रेल्वेमार्ग. पुढेमागे कारखान्यांना विकायची म्हणूनच ती जमीन घेऊन ठेवलेली. नव्या उपविधीने तिचे तीन तुकडे केले. हमरस्त्यापासून ६२० फुटांपर्यंत फक्त एक किंवा दोन कुटुंबांची घरं, त्यामागे १३० फुटांच्या पट्टीत अपार्टमेंट चालतील, आणि उरलेल्या भागात कारखाने. कंपनी कोर्टात गेली. कारखान्यासाठी या जमिनीला एकरी १०,००० डॉलर मिळतात, घरांसाठी जेमतेम २,५००, तेव्हा भरपाई न देता आमची मालमत्ता काढून घेतली, असं तिचं म्हणणं होतं. कंपनीचा वकील साधा नव्हता. तो क्लीव्हलंडचा माजी महापौर आणि पहिल्या महायुद्धातला देशाचा युद्धमंत्री होता.

खालच्या कोर्टात गाव हरलं. त्या न्यायाधीशाने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली : या नियमांचा खरा परिणाम म्हणजे लोकांची त्यांच्या कमाईप्रमाणे वर्गवारी करणं आणि त्यांना वेगवेगळं बसवणं. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण जानेवारी १९२६ मध्ये ऐकलं गेलं, ऑक्टोबरात पुन्हा ऐकलं गेलं आणि २२ नोव्हेंबर १९२६ ला सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकलं. निकालाचा पाया उपद्रवाच्या जुन्या कायद्यावर ठेवलेला आहे. योग्य वस्तूही अयोग्य जागी उपद्रव ठरते, जसं गोठ्याच्या अंगणात शोभणारं डुक्कर दिवाणखान्यात, असा दाखला न्यायालयाने दिला. इथवर कुणाला फारशी हरकत नसावी. पण त्याच निकालात अपार्टमेंटच्या इमारतीला परजीवी म्हटलं गेलं. घरांच्या वस्तीने जी मोकळी हवा आणि शांतता निर्माण केली तिच्यावर ती जगते, आणि तिच्यामागून दुसरी, तिसरी येऊन शेवटी वस्तीच नासते, असा तो युक्तिवाद. हे वाक्य मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात घातक वाक्य वाटतं. भाड्याने राहणारं कुटुंब आणि डुक्कर यांना एकाच तर्काच्या ओळीत बसवलं गेलं, आणि पुढची पन्नास वर्षं गावोगावचे नकाशे त्या ओळीवरून काढले गेले.

आणखी एक गोष्ट वाचताना निसटते. न्यायालयाने उपविधी फक्त तत्त्व म्हणून मान्य केला. अमुक प्लॉटवर अमुक रेघ बरोबर की चूक, हे तपासलंच नाही. तशी तपासणी १९२८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराच्या एका खटल्यात झाली, आणि तिथे जमीनमालक जिंकला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय १९७० च्या दशकापर्यंत या विषयापासून जवळजवळ दूरच राहिलं. म्हणजे मंदीची सगळी वर्षं गावं, राज्यांची कोर्टं आणि कर्ज देणारे यांनी आपापसांत काय ते ठरवलं.

‘युक्लिडियन झोनिंग’ हा शब्द इथूनच आला. आपल्याकडे भूमितीमुळे युक्लिड हे नाव शाळेपासून ओळखीचं आहे, त्यामुळे सरळ रेघा आणि चौकोनी पट्टे म्हणून युक्लिडियन, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते गावाचं नाव आहे. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे आलेल्या मोजणीदारांनी गावाला नाव दिलं ते त्याच ग्रीक गणितज्ञाचं, तेव्हा चुकीचा समजही शेवटी त्याच माणसापाशी पोचतो.

पण खरा गुंता दुसऱ्या एका शब्दप्रयोगाचा आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी झोनिंगचा एक नमुना कायदा तयार करवला. १९२२ मध्ये त्याच्या चक्रमुद्रित प्रती निघाल्या, १९२४ मध्ये छापील, १९२६ मध्ये सुधारित. त्यात अट अशी : झोनिंगचे नियम ‘सर्वंकष आराखड्याला अनुसरून’ केले जावेत. तळटीप सांगते की यामुळे तुकड्यातुकड्यांनी होणारं झोनिंग टळेल आणि असा अभ्यास केल्याशिवाय झोनिंग करू नये. पण सर्वंकष आराखडा म्हणजे नेमकं काय? वेगळा दस्तऐवज, की झोनिंगचा नकाशा हाच आराखडा? कायद्यात व्याख्या नाही. नगररचनेचा नमुना कायदा त्याच खात्याकडून आला तो १९२८ मध्ये, आणि त्यात शब्द वेगळाच वापरला : ‘मास्टर प्लॅन’. तो करणंही गावाच्या मर्जीवर ठेवलं, आणि झोनिंगचा आराखडा त्याचाच एक भाग असल्याचं सांगितलं.

क्रम लक्षात घ्या. झोनिंगचा छापील कायदा चार वर्षं आधी हातात पडला. बहुतेक राज्यांनी तो जवळपास जसाच्या तसा उचलला. गावांनी झोनिंग केलं, कारण ते स्वस्त होतं : एक सल्लागार, एक नकाशा, एक उपविधी, काम काही महिन्यांचं. आराखडा म्हणजे लोकसंख्येचा अंदाज, रस्ते, सांडपाणी, शाळा, बागा आणि त्यांचा खर्च. चार-पाच हजार वस्तीच्या गावाला तेवढा पैसा आणि तेवढा माणूस कुठून आणायचा? मग कोर्टांपुढे प्रश्न आला की अट पाळली का. बहुतेक कोर्टांनी गावांना सांभाळून घेतलं. सगळ्या गावाला लागू होणारा आणि अंतर्गत सुसंगत असा उपविधी असेल तर तोच सर्वंकष आराखडा, असं म्हटलं. एका अर्थाने नियमाला नियमाचाच दाखला पुरला. १९५५ मध्ये एका कायदेपंडिताने याच शब्दप्रयोगावर मोठा लेख लिहून या स्थितीकडे लक्ष वेधलं, पण तोवर तीस वर्षांचे नकाशे पक्के झाले होते.

मुंबई इलाख्यात क्रम वेगळा होता. १९१५ च्या कायद्याने आपल्याकडे आधी आली ती नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम : एका भागातले प्लॉट एकत्र करायचे, रस्ते काढायचे आणि नव्याने आखलेले अंतिम भूखंड मालकांना परत द्यायचे. सगळ्या गावाचा विकास आराखडा आणि त्यातले वापराचे पट्टे १९५४ च्या कायद्याने आले, पुढे १९६६ च्या कायद्यात पक्के झाले. ‘येलो झोन’, ‘ग्रीन झोन’ ही आज तालुक्याच्या गावातही बोलली जाणारी भाषा त्यानंतरची. अमेरिकेत मात्र पट्टे आधी आले, आणि आराखड्याची वेळ यायच्या आत मंदी आली.

मंदीने काय केलं ते आकड्यांत असं दिसतं : देशात १९२५ मध्ये सुमारे ९,३७,००० नवी घरं सुरू झाली होती, १९३३ मध्ये ९३,०००. त्या वर्षी दिवसाला सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. शिकागोच्या उत्तरेला नाइल्स सेंटर नावाचं गाव होतं, आजचं स्कोकी. १९२० मध्ये तिथे ७६३ माणसं. १९२५ च्या सुमारास नवा विजेचा रेल्वेमार्ग आला आणि जमिनींना भाव चढला. प्लॉट पाडले, रस्ते झाले, पदपथ झाले, गटारं झाली. घरं काही झाली नाहीत. १९३० मध्ये लोकसंख्या ५,००७ होती आणि त्या फरसबंद रस्त्यांच्या दुतर्फा गवत वाढलं ते दुसरं महायुद्ध संपेपर्यंत.

अशा गावांचं दुखणं निव्वळ रिकाम्या प्लॉटचं नव्हतं. रस्ते-गटारांसाठी गावाने रोखे काढलेले असत आणि त्यांची फेड त्या-त्या प्लॉटवर बसवलेल्या खास आकारणीतून व्हायची असे. मालकाने प्लॉटच सोडून दिला की आकारणी थकली, साधा करही थकला, आणि रोख्यांचं देणं मात्र गावाच्या मानेवर. ओहायोत तर नोव्हेंबर १९३३ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि वेगळ्या मंजुरीशिवाय लावता येणाऱ्या मालमत्ता कराची मर्यादा हजार डॉलरांमागे १५ वरून १० डॉलरांवर आणली. घरमालकांच्या दृष्टीने ते रास्तच होतं, त्यांचं घर जात होतं. पण नगररचनेसाठी माणूस नेमायचा पैसा गावाकडे आता खरोखरच उरला नाही.

नकाशावर तेजीतली स्वप्नं तशीच राहिली. हमरस्त्याच्या दोन्ही बाजू मैलोन्‌मैल व्यापारी पट्ट्यात टाकलेल्या असत, कारण व्यापारी म्हटलं की भाव जास्त. त्यातल्या थोड्याच जागेवर दुकानं आली, आणि उरलेल्या ठिकाणी घरही बांधवेना, कारण शेजारी उद्या पेट्रोल पंप उभा राहील ही भीती. दुसरीकडे राहत्या घरांच्या पट्ट्यांत लोक पोटासाठी नियम वाकवत होते. खोली भाड्याने देणं, समोरच्या खोलीत शिवणकाम किंवा केस कापणं, परसात कोंबड्या. त्याकडे काणाडोळा करणाऱ्या किंवा रीतसर सवलत देणाऱ्या गावांना नंतरच्या लेखनात ढिलं म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. ज्या वर्षी शेजाऱ्याच्या घरावर जप्ती येते, त्या वर्षी त्याची शिलाई मशीन बंद पाडणं हे नियोजन नव्हे.

१९३४ मध्ये या सगळ्याला नवं वळण मिळालं. जून महिन्यात झालेल्या गृहनिर्माण कायद्याने केंद्र सरकार घरकर्जांचा विमा उतरवू लागलं. घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, २० वर्षांपर्यंत. त्याआधी निम्म्या किमतीएवढं आणि तीन-पाच वर्षांचं कर्ज ही सर्वसाधारण रीत होती. विमा देणाऱ्या यंत्रणेने मूल्यांकनाची पुस्तिका काढली. त्यात झोनिंग असणं ही जमेची बाजू होती, पण पुरेशी नव्हती. खरेदीखतात घातलेली बंधनं अधिक भरवशाची मानली गेली, आणि त्या बंधनांमध्ये अमुक वंशाच्या माणसाला घर विकायचं वा भाड्याने द्यायचं नाही हे कलमही शिफारशीने आलं. वंशावरून पट्टे पाडणं १९१७ मध्येच घटनाबाह्य ठरलं होतं. गावाला नकाशावर जे करता येत नव्हतं ते आता कर्जाच्या अर्जावर होऊ लागलं. कोर्टाकडून अशा कलमांची अंमलबजावणी १९४८ मध्ये थांबली. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने १९२४ मध्ये दिलेला इशारा इतका शब्दशः खरा ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं.

लहान गावांसाठी याचा अर्थ सरळ होता : झोनिंग नसेल तर तुमच्याकडे बांधणाऱ्याला कर्ज मिळणं अवघड. मंदी असूनही १९३० च्या दशकात उपविधी करणाऱ्या गावांची संख्या वाढतच गेली, ती यामुळेही. आराखडा मात्र कर्जासाठी कुणी मागत नव्हतं.

याच काळात झोनिंगचा एक निराळा उपयोग विस्कॉन्सिनच्या उत्तरेला झाला, आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. लाकूड कंपन्यांनी जंगल तोडून नेलं, उरलेली खुंटांची जमीन शेतकऱ्यांना विकली गेली, ती पिकली नाही, कर थकले. एकेकट्या वस्तीपर्यंत रस्ता आणि शाळा पोचवण्याचा खर्च तिच्या करापेक्षा जास्त होऊ लागला. राज्याने १९२९ मध्ये कायदा बदलून काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना, शेती, वनं आणि विरंगुळ्यासाठी पट्टे पाडायची मुभा दिली. १९३३ मध्ये ओनायडा काउंटीने तसं करून वनपट्ट्यात नवी बारमाही वस्ती बंद केली. आधीपासून राहणाऱ्यांना उठवलं नाही. रेघ ओढण्यामागचं कारण आणि हिशोब दोन्ही उघडे होते.

मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्टसारखी सरकारी गावं याच वर्षांतली. १९३७ मध्ये ८८५ घरांसह ती वस्ती सुरू झाली, आणि तीही फक्त गोऱ्यांसाठी. जमीन पूर्ण सरकारची असल्यामुळे तिथे पट्टे पाडायची गरज नव्हती. साध्या गावांना तिच्यापासून घेण्यासारखं थोडंच होतं.

युक्लिडमधली ती ६८ एकर जमीन मंदीभर रिकामी पडून होती. घरं आली नाहीत, अपार्टमेंट आले नाहीत, कारखानाही नाही. महायुद्धात तिथे विमानांचे भाग बनवणारा कारखाना उभा राहिला, युद्धानंतर तो मोटारीच्या बॉड्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि १९९० च्या दशकात बंद झाला. १९५४ मध्ये केंद्राने पंचवीस हजारांच्या आतल्या गावांना आराखडे करायला अनुदान सुरू केलं, तेव्हा अनेक गावांनी आयुष्यातला पहिला आराखडा केला. बऱ्याच ठिकाणी सल्लागारापुढे आधीचा झोनिंगचा नकाशा ठेवला गेला आणि आराखडा त्याच्यावर बेतला गेला. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये आणि ओरेगॉनने १९७३ मध्ये कायद्यानेच ठरवलं की झोनिंग वेगळ्या, लेखी आराखड्याशी जुळलं पाहिजे. इतर काही राज्यांत ‘सर्वंकष आराखड्याला अनुसरून’ हे शब्द आजही १९२२ च्या मसुद्यासारखेच, व्याख्येविना उभे आहेत.